परत किती आले?

सिनेमा चालला की पडला हे ठरवायची आबांची स्वतःची एक पद्धत होती आणि त्या पद्धतीत पडद्याकडे पाठ करावी लागे.

मी त्यांच्याबरोबर थेटरात गेलोय म्हणून सांगतो. मध्यंतराचे दिवे लागले की आबा सगळ्यांच्या आधी उठायचे आणि दाराबाहेर पोस्टरखाली जाऊन उभे राहायचे. सदऱ्याच्या डाव्या खिशात चिंचोके. बाहेर पडणाऱ्या दर दहा माणसांमागे एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. घंटा होऊन लोक आत शिरू लागले की दर दहामागे एक उजव्यातून परत डाव्यात. दार बंद झालं की उजवा खिसा चाचपायचा. रिकामा असला तर सिनेमा हिट. दोन-तीन उरले तर ‘बरा हाय’. मूठभर उरले तर त्या सिनेमाबद्दल आबा एखाद्या आजारी पाहुण्याबद्दल बोलावं तसे हलक्या आवाजात बोलायचे. पुढे गोष्टीत काय झालं, हिरॉइन कोणाला मिळाली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बहुतेक वेळा बघितलंही नाही.

‘‘आबा, विनोदी सिनेमात लोक हसतात किती ते मोजा ना,’’ मी एकदा म्हणालो.

‘‘हसू काय, शेजारचा हसला म्हणून बी येतं,’’ ते म्हणाले. ‘‘मधल्या सुट्टीत माणूस भाईर जातं. भाईर चहा हाय, वडा हाय, बिडी हाय, घरची वाट हाय. एवढं समदं सोडून ते परत आत आलं, तर त्यो नफा. बाकीचं मालक जाणे.’’

तालुक्याच्या थेटरातला डोअरकीपर त्यांना कित्येक महिने सिनेमा कंपनीचा गुप्त माणूस समजत होता. दाराशी उभा राहून माणसं मोजतो आणि खिशात काहीतरी टाकतो, म्हणजे दुसरा कोण असणार! तो त्यांना न मागता चहा आणून द्यायचा. एकदा मॅनेजर स्वतः आला, अदबीनं म्हणाला, ‘‘साहेब, काही सूचना?’’ आबांनी शांतपणे बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, ‘‘मागच्या बाजूला पंखे वाढवा.’’ पुढच्या आठवड्यात दोन पंखे वाढले. हे सांगताना आबांच्या चेहऱ्यावर रेषा हलायची नाही. मी मात्र नाटकातला माणूस. हा प्रसंग मी आजवर किमान शंभर वेळा, चहाच्या बशीसह, करून दाखवला आहे.

हीच पट्टी ते जगात सगळीकडे लावायचे. लग्नाहून आलात तर जेवण कसं होतं हे ते विचारत नसत. ‘‘वाढप्याला किती जणांनी परत हाक मारली?’’ शाळेत नवीन गुरुजी आले, तर आठवड्यानं, ‘‘डबा खाऊन पोरं परत वर्गात किती येत्यात?’’ भीमाशंकरबद्दल त्यांचं मत उत्तम होतं. ‘‘एवढं चढून, भिजून, जळवा लावून घेऊन माणसं दर साली परत जात्यात. देव नफ्यात हाय.’’

या हिशेबात काकी, म्हणजे त्यांची बायको, सुद्धा सुटली नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती भांडून माहेरी आंबेगावकडे गेली होती आणि चौथ्या दिवशी परत आली. ‘‘मपला पिच्चर तवाच हिट झाला,’’ आबा म्हणायचे.

‘‘पुढची यष्टी चुकली म्हणून आले,’’ काकी चुलीपासून ओरडायची. ‘‘न्हाईतर भावाकडं मंचरला निघाले व्हते!’’

आबांचं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या सिनेमाच्या शेवटी जी नावं वर सरकत जातात, त्यातही ते त्यांनी येऊ दिलं नव्हतं. ‘‘नाव लिवलं की माणूस मालक व्हतं,’’ म्हणाले. तेव्हा मालकी नको असलेल्या त्या माणसाची ही गोष्ट, त्याच्याच शब्दात ‘बिननावाची’.

आमचा सिनेमा म्हणजे तोच तो, ज्यात एक वऱ्हाड चुकून भलत्याच गावात जाऊन उतरतं आणि ते गाव, दारात आलेल्या पाहुण्यांना परत कसं लावायचं म्हणून, लग्नाची सगळी तयारी सुरू करतं. नवरीशिवाय. मी त्यात नवऱ्याचा मामा होतो. सरकारी कचेरीत नोकरी आणि संध्याकाळी हौशी नाटकं, असं माझं पुण्यातलं आयुष्य. डायरेक्टर माझ्या नाट्यशिबिरातला जुना विद्यार्थी. हिरो तेव्हा कोणालाच माहीत नव्हता, त्याच्या घरच्यांनासुद्धा तो एखाद्या कंपनीत आहे असं वाटत होतं. आणि निर्माता नारायणगावचा टोमॅटोचा व्यापारी. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण शूटिंगला महिना उरला असताना टोमॅटोचा भाव पडला आणि आमचं बजेट अर्ध्यावर आलं.

आबांची नि माझी गाठ पडली ती त्या अर्ध्या बजेटवर डोकं धरून बसलेलो असताना. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या तबकड्या जिथून दिसतात अशा एका वाडीत आम्ही आबांची बराख बघायला गेलो होतो. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबलचक, चारी बाजूंनी हवा खेळणारी खोली. माघात ती रिकामी असते. नवा कांदा अजून रानात असतो. तिथं अठरा जणांनी महिनाभर झोपायचं असा बेत. आम्ही रिकाम्या गोण्यांवर बसलो होतो. डायरेक्टरच्या मांडीवर बजेटचा कागद. आबा दाराला टेकून उभे, ऐकत होते. मग पुढं आले, चष्मा कपाळावर चढवला, कागदावर बोट ठेवलं.

‘‘ही सगळ्यात मोठी रक्कम कशाची?’’

‘‘ज्युनिअर आर्टिस्ट, आबा. गर्दी. लग्नातली माणसं. पुण्याहून बस करून आणावी लागतील.’’

आबांनी आमच्याकडं असं पाहिलं, जणू आम्ही येडगावच्या धरणात पाय सोडून बाटलीतलं पाणी मागवत होतो.

‘‘आवो, गावच्या लग्नात पुण्याची माणसं बसवणार? मांडी घालून बसता येतं का त्यांना?’’

‘‘मग गावातल्या माणसांना रोज देऊ,’’ निर्माता म्हणाला. ‘‘पण तेवढेही पैसे नाहीत आता.’’

‘‘रोज द्यायचाच न्हाई. रोज दिला की माणूस कामावर येतं. कामावर आल्यालं माणूस हसत न्हाई राव, घड्याळ बघतं. सावड करा.’’

डायरेक्टर मुंबईत वाढलेला. त्याला सावड म्हणजे काय ते सांगावं लागलं. आज तुम्ही माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुमच्या. मधे पैसा नाही. दिवसाला दिवस.

‘‘पण आबा, आमच्याकडे रान कुठाय?’’

‘‘न्हाई ना? मग तुमी आमच्या रानात या. तुमी अठरा जण. वाडीत छत्तीस उंबरे. घरटी सहा दिवस धरा. दोनशे सोळा झाले.’’ हे सगळं हवेत बघून, दोन श्वासात. ‘‘अठरांत वाटले की प्रत्येकी बारा. पुढच्या पौषात कांद्याची लागण असती, तवा माणूस मिळत न्हाई, बायकांच्या टोळ्या लोक पिकअपमधून पळवून नेत्यात. तवा बारा-बारा दिवस तुमी यायचं. झालं तुमचं बजेट.’’

डायरेक्टर हसला आणि हो म्हणाला. त्याला तो विनोद वाटला. निर्माता हो म्हणाला, कारण कागदावरची सगळ्यात मोठी रक्कम एका फटक्यात गेली होती. आणि मी? मी उठून उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि भरल्या गळ्यानं म्हणालो, ‘‘आबा, शब्द!’’ नाटकातल्या माणसाला हो म्हणायला काय लागतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी बराखीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं ओढलेल्या रेघा होत्या. अठरा ओळी, प्रत्येक ओळीत बारा. प्रत्येक ओळीच्या आधी एक चित्र, कारण आमची नावं त्यांना अजून पाठ नव्हती. कॅमेरावाल्यापुढे डोळा. डायरेक्टरपुढे उघडं तोंड. हिरोपुढे कंगवा. माझ्यापुढे पोट.

आणि त्याच दिवशी आबा छत्तीस घरी जाऊन प्रत्येक उंबऱ्यावर सांगून आले, ‘‘माणसं देताल तेवढे दिवस पौषात परत येत्याल. मी मधे हाय.’’

शूटिंगचे दिवस मला जत्रेसारखे आठवतात. पंगतीच्या सीनला डायरेक्टर म्हणाला, ‘‘सगळ्यांनी जेवल्यासारखं करा.’’ पंगतीतल्या माणसांनी हात मागं घेतले. मग एक म्हातारी म्हणाली, ‘‘अन्नापुढं बसून सोंग करायचं? आमच्यात न्हाई करत.’’ झालं. काकीनं बायका जमवून खरी मासवडी आणि रस्सा केला आणि टेक सुरू झाले. दर टेकला लोक मनापासून जेवले. चौथ्या टेकला हिरोच्या डोळ्यात जे पाणी आलं ते रश्श्याचं होतं, समीक्षकांनी त्याला ‘संयत अभिनय’ म्हटलं.

मी मोठ्यानं बोलतो. रंगमंचाची सवय. आबा खोडदच्या दिशेला बोट दाखवून मला दटावायचे, ‘‘मामा, हळू. तिकडं ती मंडळी आभाळातलं ऐकत बसल्यात. तुमी असं वरडला तर त्यांना वाटंल, तारा फुटला.’’

आणि तो सीन, ज्यावर थेटरं डोक्यावर घेतली गेली, जिथं अख्खं गाव पोट धरून हसतं, तोही खराच होता. मिरवणुकीत माझं धोतर सुटलं. ते पटकथेत नव्हतं. मुलाखतीत मी आजही सांगतो की ते मी ठरवून केलं. आता इथं खरं लिहून टाकलं.

सिनेमा दिवाळीत लागला. पहिल्या खेळाला आबा आले होते. मध्यंतरात मी लांबून त्यांना बघत होतो. ते मोजत होते. दार बंद झालं तरी ते तिथंच उभे. मी धावत गेलो.

‘‘काय झालं? किती उरले?’’

‘‘उजवा खिसा रिकामा झाला तरी माणसं येतच व्हती,’’ ते चक्रावून म्हणाले. ‘‘गेली त्यापेक्षा जास्ती आत आली. रस्त्यावरची घुसली का काय!’’

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आठवडा गेला, दुसरा गेला, खेळ वाढत गेले. कमाईचा आकडा प्रत्येक पेपरात वेगळा, पण सगळेच आकडे आमच्या खर्चापुढे असे उभे, जसा टोमॅटोच्या क्रेटपुढे हत्ती. निर्मात्यानं गाडी घेतली. डायरेक्टरला मुंबईनं उचललं. हिरोचा चेहरा बनियनच्या पाकिटावर आला. कमीत कमी खर्चात सर्वात मोठा नफा कसा, यावर लेख आले. एक पत्रकार थेट वाडीत पोचला. मी तेव्हा तिथंच होतो, सत्काराचा नारळ द्यायला गेलो होतो.

‘‘आजोबा, या सिनेमाचं बजेट किती होतं?’’

‘‘दोनशे सोळा.’’

‘‘लाख?’’

‘‘दिवस.’’

पत्रकारानं पेन थांबवलं. ‘‘आणि नफा किती झाला?’’

आबा माझ्याकडं बघत नव्हते. ते समोरच्या रानाकडं बघत होते, जिथं कांद्याची रोपं वाफ्यात वीतभर झाली होती. ‘‘अजून ठरायचाय,’’ ते म्हणाले. ‘‘मधली सुट्टी चालू हाय.’’

मी हसलो. मोठ्यानं हसलो. मग नारळ देऊन, काकीच्या हातचं पिठलं खाऊन पुण्याला परतलो. रेघांचा विषय निघाला नाही. निघू नये म्हणून मी बराखीकडे गेलो नाही, हेही आज लिहून टाकतो.

पौष लागला. वाडी वाट बघतेय असं निर्मात्याच्या कानावर कोणीतरी घातलं असावं. त्यानं माणूस पाठवला. दोनशे सोळा दिवसांचा रोज, दुप्पट दरानं, पाकिटात. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्यानं मन मोठं केलं होतं. आबांनी पाकीट उघडलं नाही. माणसाला चहा पाजला आणि पाकीट परत दिलं.

वाडीत कुजबुज झाली. काही जण तोंडावर बोलले. शेजारचे भाऊ म्हणाले, ‘‘आबा, घ्यायचं की! हिरो काय खुरपं धरणारे का? आमाला पैसं चाललं असतं.’’ त्यांचं चुकत होतं असं नाही. ज्याच्या त्याच्या घरी खर्च होते.

‘‘मलाबी कळतं ते,’’ आबा म्हणाले. ‘‘पर आज पैसं घेतलं तर माघात जी हसली, नाचली, पावण्यांना वाढलं, ती समदी मागल्या तारखेनं मजूर व्हत्यात. तुपली आय त्या पंगतीत मजूर म्हणून वाढत व्हती का?’’

 भाऊ म्हणाले, ‘‘आन आले न्हाईत तर?’’

‘‘मी मधे हाय म्हणलो व्हतो ना? मी फेडतो.’’

हे सगळं मला काकीनं फोनवर सांगितलं. काकी फोनवर कधी बोलायची नाही. तिला त्यात माणसाचं तोंड दिसत नाही म्हणून राग होता. त्या दिवशी तिनं स्वतःहून लावला. मी एका सत्काराला निघालो होतो, अंगात झब्बा, गळ्यात उपरणं.

‘‘मामा, तुमी या असं मी म्हणत न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यांनी बी म्हणायचं न्हाई म्हणून सांगितलंय. पर ह्ये चार दिवस झाले लोकांच्या वाफ्यात बसत्यात. बायकांच्या वळीत. ह्यांचं वय काय, गुडघं काय! रोज दाराच्या चार रेघा पुसायच्यात म्हणत्यात, पुसली जाती एकच. मीबी जाते संगं. म्हणलं दोघांचे दोन दिवस तरी धरा, तर म्हणत्यात, तू मधे नव्हतीस.’’

मी उपरणं काढून ठेवलं. नारायणगावपर्यंत एसटी, पुढं जीप. उतरून चालत गेलो तर सकाळचं ऊन रानावर आलेलं, तिसऱ्या घराच्या वाफ्यात आठ-दहा बायका उकिडव्या बसून मागं मागं सरकत रोपं लावताहेत आणि त्यांच्यात मधोमध एक पांढरी टोपी. गुडघ्यांना रुईची पानं फडक्यानं बांधलेली. आबांनी मान वर केली.

‘‘आलात?’’

‘‘आलो.’’

‘‘रजा किती?’’

‘‘दोन दिवस.’’

‘‘बसा मग. पॅन्ट वर घ्या.’’

एवढंच. रागाचा एक शब्द नाही. तो असता तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडं उत्तरं तयार असतात. मी बसलो. मुळं धरून रोप ओल्या मातीत बोटानं दाबायचं, चार बोटांवर दुसरं. पहिल्या ओळीतच शेजारची बाई म्हणाली, ‘‘मामा, कांदा लावताय का मढं पुरताय? वर येऊ द्या की त्याला!’’ सगळ्या वाफ्याभर हसू पसरलं. माघातलं तेच हसू. मी ते थेटरात कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि ते कुणाचं आहे हे विसरलो होतो.

दुपारी बांधावर बसून मी डायरेक्टरला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘सर, मीटिंगमध्ये आहे, पैसे पोचले ना?’’ मी काही नाटक केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. आबांच्या बांधलेल्या गुडघ्यांचा फोटो काढला आणि सतरा जणांना पाठवला. खाली लिहिलं, ‘आपले दिवस हे फेडतायत.’

डायरेक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मुंबईहून रात्रभर गाडी चालवून, मीटिंगमधलेच बूट घालून, ते चिखलात गेले. त्याच्यामागं कॅमेरावाला, मग मेकअपवाली, मग आवाजवाला. निर्माता नव्या गाडीतून आला आणि गाडी लांब लावून चालत आला. मी रजा वाढवून घेतली. हिरो मात्र नाही. त्याचा फोन बंद. आबा म्हणाले, ‘‘त्याची ओळ ऱ्हाऊ द्या. कंगवा शेवटीच येतो.’’

नवव्या दिवशी तो आला, काळा चष्मा, टोपी, गमछा. ओळखू येऊ नये म्हणून एवढं सगळं घातल्यानं नारायणगावपासूनच लोकांनी ओळखलं. मागून मोटारसायकली, त्यामागं कॉलेजची पोरं, त्यामागं ओतूर-आळेफाट्यापासूनची माणसं. रानात झुंबड. सेल्फी, सेल्फी! सकाळी लावलेला वाफा पायाखाली जायला लागला. हिरो पांढराफटक. मी ओरडलो, तारा फुटला तरी कोणी ऐकेना.

आबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. बांधावर चढले, थेटराच्या दाराशी उभे राहायचे तसेच उभे राहिले.

‘‘फोटू पायजे? एका फोटूला एक वाफा. चपला भाईर.’’

 मग एक मुलगी चपला काढून वाफ्यात बसली. मग तिची मैत्रीण. मग मोटारसायकलवाले. दुपारपर्यंत बांधावर चपलांची रांग आणि रानात रांगा. वाडीतल्या बायका मागं हात बांधून फिरत होत्या, ‘‘ए दाढीवाल्या, सरळ लाव!’’ तीन दिवसांत छत्तीस घरांची लागण उरकत आली. असला खेळ मी कुठल्याच थेटरात पाहिला नाही.

हिरो खूश. ‘‘आबा, म्हणजे माझे बारा दिवस फिटले ना? एवढी माणसं मी आणली.’’

‘‘तिकीट त्यांनी काढलं, काम त्यांनी केलं,’’ आबा म्हणाले. ‘‘तुमचे बारा तुमचेच.’’

त्यानं ते केले, सांगितलं पाहिजे. सलग नाही, तीन खेपांत. शेवटच्या खेपेला लागण संपली होती, म्हणून काढणीला आला आणि गोण्या भरल्या. हाताला फोड आले तेव्हा त्यानं फोटो काढला नाही. तेव्हा मला तो पहिल्यांदा आवडला.

दिवस भरला की संध्याकाळी अंगठा ओला करून आपली एक रेघ आपण पुसायची असा रिवाज पडला होता. माझा बारावा दिवस झाला. मी पुणेरी गांभीर्यानं बराखीच्या दाराशी गेलो, मागं दहा-बारा माणसं, अंगठा जिभेला लावला, पोटाच्या चित्रापुढची शेवटची रेघ घासली. निघेना. पुन्हा घासली. पाण्यानं घासली. रुमालानं घासली. मागं खसखस पिकली. आबा दाराच्या चौकटीला टेकून, चेहऱ्यावर रेषा न हलवता उभे.

‘‘आबा, ही निघत नाही.’’

‘‘कशी निघंल? बैलाच्या शिंगाचा रंग हाय. पोळ्याचा उरला व्हता.’’

सगळ्यांच्या ओळीतली शेवटची रेघ तीच. वर नुसता खडू फासलेला, खाली तांबडा ऑईल पेंट. बाकीच्या खडूच्या.

‘‘पण मग माझा एक दिवस बाकी राहिला!’’

‘‘हां,’’ आबा म्हणाले. ‘‘समदे फेडून मोकळे झालात तर परत कशाला येताल?’’

मग वळून बाहेर गेले. जाताना डावा खिसा खुळखुळला, की मला तसं वाटलं.

तेव्हापासून दर पौषात आम्ही जातो. एक दिवस बाकी आहे म्हणून. तो करतो, संध्याकाळी दारावर अंगठा घासतो, निघत नाही, मासवडी खातो, येतो. त्या एका दिवसासाठी डायरेक्टरनं एकदा मोठ्या हिरॉइनच्या तारखा हलवल्या होत्या. कारण सांगितलं, घरची लागण आहे.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. कांदा काढून बराख भरली आणि आठ दिवसांत गेले. दहाव्याला येडगावच्या पाण्याशी आम्ही सगळे होतो, ते वेगळं. दहाव्याला सगळे येतात. मला भीती होती पौषाची. आता बोलावणारं कोणी नव्हतं. तसं आधीही कोणी बोलावत नव्हतं, पण बांधावर पांढरी टोपी असायची.

मी आदल्या दिवशीच पोचलो. सकाळी वाफ्यात बसलो तरी लक्ष रस्त्याकडं. काकी बराखीच्या दारात पाय पसरून बसली होती, मांडीवर काहीतरी झाकून. कॅमेरावाला आला. मेकअपवाली आली, पोर काखेत घेऊन. निर्माता, डायरेक्टर. दुपारपर्यंत सतरा. काकी नुसती बघत होती. जेवणं झाली. मी म्हणालो, ‘‘काकी, हिरोचं परदेशात शूटिंग आहे, पेपरात होतं.’’

‘‘हां,’’ ती म्हणाली आणि तिथंच बसून राहिली.

चार वाजता कांद्याच्या एका टेम्पोतून, ड्रायव्हरशेजारून, तो उतरला. ना चष्मा ना टोपी. विमानतळावरून निघालेली त्याची गाडी घाटात बंद पडली होती. दिवस बुडायला दोन तास होते. तो चपला काढून तडक वाफ्यात बसला आणि कोणाकडं न बघता रोपं लावायला लागला.

काकी उठली. पदराखालून तिनं एक चिंचोका काढला आणि उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, मग तिलाच हसू आलं. ‘‘ह्यांच्यासारखं मला जमत न्हाई बाई,’’ म्हणाली. मग मांडीवर झाकून ठेवलेला डबा उघडला. शिंगाच्या रंगाचा. त्यात काथ्याचा कुंचला.

‘‘ह्यांनी सांगून ठेवलंय,’’ ती मला म्हणाली, ‘‘की समदी आली तर रेघांवर परत हात मारायचा. उन्हानं फिक्या पडत्यात.’’

मी दार धरून उभा राहिलो आणि तिनं कंगव्यापासून सुरुवात केली. अठरा रेघा झाल्या. मी डब्यात डोकावलो.

डबा अजून निम्मा भरलेला आहे.